गाडी कोण चालवत होतं

३ जानेवारी, शुक्रवार

नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिराने सुरू करतोय. रोज लिहायचं, थोडं लिहायचं, आणि जे घडलं तेच लिहायचं. हे दुसरं कोणी वाचणार नाही. म्हणजे खोटं लिहिण्याचं कारणच उरत नाही.

आज कॉलेजात सावित्रीबाई जयंती. मुख्य भाषण माझं. प्राचार्य म्हणाले, तुम्ही तर्कशास्त्र शिकवता, मुद्देसूद बोलाल. विषय मीच सुचवला: ‘स्टिअरिंग तिच्या हाती’. बायकोचंच, प्रियदर्शनीचंच उदाहरण दिलं. झेडपीच्या शाळेत शिक्षिका, चाळिशी ओलांडलेली, दिवाळीत लायसन्स काढलं, आज बारामतीच्या गर्दीत गाडी चालवते. शेजारी बसून गप्प राहणं हेच पुरुषाचं खरं ड्रायव्हिंग, असं एक वाक्य टाकलं. टाळ्या मिळाल्या. (मी गप्प बसतो हे सर्वसाधारणपणे खरं आहे. भिगवण चौकात एकदा ओरडलो होतो. ते उदाहरण भाषणात बसत नव्हतं.)

घरी आलो तर प्रिया ऑर्डर हातात घेऊन उभी. पदोन्नती. केंद्रप्रमुख, इंदापूर तालुका. आता एका वर्गाऐवजी दहा-बारा शाळा बघायच्या, गावोगाव फिरायचं. महिनाअखेरपर्यंत हजर व्हायचं. मला मनापासून आनंद झाला. तसं तिला सांगितलंही. तिने विचारलं, गाडी रोज न्यावी लागेल, चालेल ना? म्हटलं, गाडी आपली आहे, निर्णय तुझा आहे.

मी कॉलेजला स्कूटरवर जाईन. थंडीत कान दुखतात, पण जाईन.

५ जानेवारी, रविवार

आज एक किरकोळ प्रसंग घडला. क्रमाने लिहितो.

प्रियाची बातमी सांगायला सणसरला गेलो. तिथे आई आणि भानुदासदादा. दादा ऊस बघतो. घर ते सणसर गाडी प्रियानेच चालवली, छान चालवली. अंगणात शिरलो तर उसाने भरलेली ट्रॉली उभी. कारखान्याला जायची होती, ट्रॅक्टर यायचा होता. जागा कमी. मी म्हटलं, तू उतर, मी लावतो. रिव्हर्स हा अनुभवाचा भाग आहे.

सीट माझ्या मापाला मागे सरकवून घेतली. प्रिया मागे जाऊन उभी राहिली. हात वर करून थांबा, थांबा म्हणत होती. माझा स्वतःचा अंदाज होता. सेन्सर वाजत होता, पण तो प्रिया मागे उभी आहे म्हणून वाजत असणार, असं मी गृहीत धरलं. गृहीतक चुकीचं नव्हतं, अपुरं होतं.

मागची काच फुटली. दोन-तीन ऊस थेट मागच्या सीटपर्यंत आत आले. ट्रॉलीची कडी डिकीच्या दारात घुसली. मी उतरून मागे गेलो, बघत उभा राहिलो. इंजिन चालू, वायपर चालू (तो कसा चालू झाला कळलं नाही), सेन्सर ओरडतोय. प्रिया पुढे गेली, माझ्या जागी बसली आणि एकेक बंद करू लागली. तिचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. नेमकं तेव्हाच घराच्या मागच्या दारातून सगळे धावत आले. आई तेवढी पायरीवर लसूण सोलत बसलेली होती, ती उठली.

आई म्हणाली, ‘‘प्रियानं ठोकली व्हय रं?’’

मी म्हणालो, ‘‘जाऊ दे गं. माणसाला लागलं नाही ना, बास.’’

मी नेमकं एवढंच बोललो. शब्द न शब्द आठवून लिहितोय. यात खोटं काहीही नाही.

दादा माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘‘लई मोठ्या मनाचा हाय आमचा भूषण. दुसरा आसता तर हितंच बायकूवर वराडला आसता.’’ मला संकोच वाटला. संकोचामुळे बोलता आलं नाही.

पुतण्या धम्मदीप इंदापुरात विमा विकतो. आमच्या गाडीची पॉलिसीही त्याच्याकडूनच. तो लगेच मोबाइल काढून म्हणाला, ‘‘काका, कंपनीला आजच कळवू. काकूंचं लायसन्स झालंय ना? मग काय टेन्शन नाही.’’ म्हटलं, उद्या बघू.

प्रिया सीटवरच्या काचा गोळा करत होती. बोटाला कापलं. आई तिला आत घेऊन गेली, हळद लावायला. बराच वेळ आत होत्या.

येताना मीच चालवली. मागून वारा. बारामतीच्या अलीकडे प्रिया म्हणाली, ‘‘मला वाटलं तुम्ही सांगाल.’’ म्हटलं, सांगणारच आहे, सगळ्यांसमोर घाईने सांगण्यात अर्थ नसतो. ती म्हणाली, ‘‘सगळ्यांसमोरच तर गप्प बसलात.’’ यावर उत्तर होतं, पण समोरून ट्रक येत होता.

ठरलं: पुढच्या रविवारी सांगायचं.

६ जानेवारी, सोमवार

सकाळी पंचशील म्हणताना चौथ्यापाशी अडखळलो. खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन. प्रामाणिकपणे तपासून पाहिलं. आईने एक प्रश्न विचारला. मी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. प्रश्नाचं उत्तर न देणं म्हणजे खोटं उत्तर देणं नव्हे. अकरावीच्या पोरांना पहिल्या सत्रात हेच शिकवतो. शिवाय पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. सीट मागे होती, प्रियाचे पाय पोचत नव्हते. मी काही लपवलं नाही. कोणी पाहिलं नाही, याला मी काय करू.

आईलाही दिसलं नसणार. वयच तेवढं झालं. बाकी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्या वर्षी मीच पुढाकार घेऊन करवलं.

विम्याचं: क्लेम न करण्याचं ठरवलं. कारणं. एक, नो क्लेम बोनस जातो. दोन, विमा हा मोठ्या संकटासाठी असतो, बारीकसारीक गोष्टींसाठी कंपनीपुढे हात पसरणं मला पटत नाही. तीन, आपण आपला आधार व्हावं. चार, गाडी कोण चालवत होतं हे कोणाला सांगायची वेळच येत नाही. चौथं कारण महत्त्वाचं नाही. क्रमांकानेच शेवटी आहे.

निर्णय झाल्याने मन हलकं. डिकीला खताच्या गोणीतला प्लास्टिक कागद चिकटवला.

७ जानेवारी

पार्किंगमध्ये जिमखान्याच्या इंद्रजित सरांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, गावाकडे उसाच्या ट्रॉलीचं जरा. ‘‘मॅडम होत्या काय गाडीवर?’’ असं म्हणून ते हसले. मीही हसलो.

हसणं हे विधान नव्हे.

८ जानेवारी, बुधवार

गोकुळच्या गॅरेजला गाडी दाखवली. काच मिळेल, पण डिकीचं दार पूर्ण बदलावं लागेल, म्हणाला. खर्च सांगितला. ऐकून तत्त्व जरा हललं. तो म्हणाला, ‘‘इन्शुरन्सला घालायची असंल तर मी हात लावत नाय. आधी सर्व्हेअर येऊन बघू द्या.’’ तसाच परत आलो.

पुनर्विचार: विम्याचा हप्ता आपण भरतो. आपल्या हक्काचं घेणं म्हणजे हात पसरणं नव्हे. क्लेम करायचा.

धम्मदीपला फोन केला. तो खूश. ‘‘काकूंचं नाव टाकतो, कारण रिव्हर्स घेताना. नवीन ड्रायव्हर आणि त्यात लेडीज म्हटल्यावर सर्व्हेअर जास्त विचारतच नाही.’’ मी म्हटलं, थांब, नाव टाकू नकोस. का? विचार करून सांगतो. ‘‘काका, त्यात विचार काय करायचा? गाडी काकूच चालवत होत्या की.’’

मी म्हणालो, ‘‘ते आहेच.’’

नंतर बराच वेळ हे दोन शब्द तपासले. सणसरपर्यंत प्रियाच चालवत होती, हे आहेच. त्या अर्थाने घेतलं तर वाक्य बरोबर आहे. त्याने कोणत्या अर्थाने घेतलं, हा त्याचा प्रश्न.

पण प्रियाचं नाव विम्याला देणं म्हणजे मात्र सरळ खोटं. ते मी करणार नाही. यात तडजोड नाही. माझं नाव दिलं तर धम्मदीपला कळेल, म्हणजे दुपारपर्यंत सणसर, संध्याकाळपर्यंत लोणी भापकरची आत्या. म्हणून रविवारी आधी घरी सांगायचं, मग विमा. क्रम महत्त्वाचा.

१२ जानेवारी, रविवार

सणसरला जायची तयारी करत होतो तर आई आणि दादाच आले. हुरडा घेऊन. योजना बदलावी लागली. त्यांनी हौसेने यावं आणि मी असला विषय काढावा, हे बरं दिसलं नसतं.

विषय त्यांनीच काढला. पदोन्नतीचा. इंदापूर लांब आहे, रस्त्याला ऊसवाहतूक आहे. आई हुरडा चोळता चोळता म्हणाली, ‘‘ज्याला मागचं दिसत न्हाय, त्यानं गाडीला हात लावू न्हाय.’’ असं रोखठोक. मला प्रियासाठी फार वाईट वाटलं. जुन्या पिढीला बायकांनी गाडी चालवणं अजून पचत नाही. प्रिया मात्र चक्क हसली. धीराची आहे.

दादा म्हणाला, ‘‘आमी कोण सांगनार? भूषणलाच इचारा. काय रं, तुझं काय म्हननं? चालवंल का गाडी?’’ आणि तिघंही माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. हुरड्याची पाटी मध्ये.

मी म्हणालो, निर्णय तिचा आहे.

मला वाटतं हे उत्तर संतुलित होतं. आई उठली आणि म्हणाली, चल रे भान्या, उनं व्हायच्या आत निघू.

१३ जानेवारी

रोज सकाळी सहाला उठून दोन किलोमीटर चालायचं. मन स्वच्छ राहतं. उद्यापासून.

१४ जानेवारी

संक्रांत. सुट्टी. धम्मदीपचा मेसेज: ‘काका कंपनीला कळवायला उशीर करू नका नंतर किरकिर करतात.’ त्याला तिळगुळाचं चित्र पाठवलं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज सावळाराम गुरुजी घरी आले. प्रियाच्या शाळेतले. सेवाज्येष्ठतेत तिच्या मागचा नंबर त्यांचा. म्हणजे प्रियाने नकार दिला तर पदोन्नती त्यांच्याकडे जाते. हे त्यांनी सांगितलं नाही, पण पेढे आणले होते.

बसले, पाणी प्यायले, म्हणाले, ‘‘मॅडम, परवा इंद्रजित सरांच्या मिसेसकडून कळलं. फार वाईट वाटलं बघा. थोडक्यात वाचलात.’’ प्रिया म्हणाली, कशातून? ‘‘अहो, गाडी ठोकली ना तुम्ही. उसाच्या ट्रॉलीला. सीझन चालू आहे, इंदापूरच्या रस्त्याला तर ट्रॉल्यांची रांगच असते. बाईमाणसाचं काम नाही हो ते. नकार दिला तर काय कमीपणा नाही. दोन ओळी लिहून द्यायच्या. मी मसुदा आणलाय.’’ खरंच खिशातून घडी काढली.

प्रियाने त्या कागदाकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘‘ह्यांनाच विचारा ना गुरुजी. हे होते तिथे. सांगा हो, काय झालं होतं ते.’’

मी म्हणालो, चहा टाकतो.

आत गेलो. आलं किसलं. घरकामात माझा समान वाटा असतो, हे गुरुजींनाही दिसलं. चहा घेऊन आलो तोवर ते निघायच्या बेतात होते. जाताना मला म्हणाले, ‘‘सर, तुमच्यासारखा नवरा पाहिजे. एका शब्दाने बोलला नाहीत त्यांना.’’

प्रियाने पेढे शेजारच्या मुलांना वाटले. मला एकही ठेवला नाही. मधुमेह आमच्या घराण्यात आहे, त्यामुळे योग्यच.

१७ जानेवारी, शुक्रवार

कॉलेजात रस्ता सुरक्षा अभियान. समन्वयक मी. वाहतूक शाखेचे साहेब आले होते. शपथ मी दिली, पोरं मागून म्हणत होती. हेल्मेट घालीन, सिग्नल पाळीन, अपघात झाल्यास पळून न जाता खरी माहिती देईन. आवाज चांगला लागला होता. शेवटच्या वाक्याला खोकला आला, पण पोरांनी ते वाक्य पूर्ण केलं.

पार्किंगमध्ये गाडीच्या धुळीवर कोणीतरी बोटाने लिहिलेलं: ‘मॅडम सावकाश’. पुसावंसं वाटलं. पण पुसताना कोणी पाहिलं असतं तर प्रसंगाला उगाच महत्त्व आलं असतं. तशीच घरी आणली.

संध्याकाळी प्रिया फडकं घेऊन खाली गेली. मला वाटलं सगळी गाडी पुसेल. तिने फक्त ‘मॅडम’ पुसलं आणि वर आली.

१९ जानेवारी, रविवार

आज सणसरला जाऊन सांगणारच होतो. घसा धरलेला. शपथेमुळे.

२० जानेवारी, सोमवार

प्रिया जेवताना म्हणाली, ‘‘मला शाळेत सगळे विचारतात, झेपेल का. मुख्याध्यापक म्हणाले, ऑफिसच्याही कानावर गेलंय. तुम्ही सणसरला नका जाऊ हवं तर. गुरुजींना एक फोन करा आणि सांगा, गाडी मी ठोकली होती. एवढंच. एक वाक्य आहे.’’

मी तिला समजावलं. फोनवर अशी गोष्ट सांगणं म्हणजे तिचं महत्त्व कमी करणं. शिवाय आधी घरच्यांना, मग बाहेरच्यांना, हा क्रम सोडता येणार नाही. ती म्हणाली, ‘‘तुम्हाला एक गोष्ट विचारू? मला पदोन्नती मिळाली ते तुम्हाला आवडलं नाही का?’’

हा आरोप ऐकून धक्का बसला. तीन तारखेची नोंद उघडून पाहिली. स्पष्ट लिहिलंय, मनापासून आनंद झाला.

कान मात्र खरंच दुखतात थंडीत. त्याचा याच्याशी संबंध नाही.

२२ जानेवारी

रविवारी काय बोलायचं त्याचा मसुदा केला. ‘त्या दिवशी घडलेल्या प्रसंगाबाबत काही गैरसमज निर्माण झाल्याचं दिसतं. प्रत्यक्ष त्या क्षणी स्टिअरिंगवर मी असलो, तरी मागे उभ्या असलेल्या व्यक्तीची सूचना आणि चालकाचं आकलन यांत तफावत झाली. ट्रॉलीही नेहमीच्या जागी उभी नव्हती. जबाबदारी सर्वांनी मिळून…’

प्रियाला वाचून दाखवला. तिने विचारलं, यात मीही आहे का? म्हटलं, आहेस, पण नाव घेतलेलं नाही. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली. लेक तेजश्री पुण्याला हॉस्टेलला गेल्यापासून ती खोली रिकामीच असते. आतून बराच वेळ फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. कोणा मोना मॅडमशी.

मसुदा साधा करायला हवा. मान्य.

२४ जानेवारी, शुक्रवार

मसुदा साधा केला. ‘आई, गाडी मी ठोकली.’ आरशासमोर म्हणून पाहिलं. जमतं.

२६ जानेवारी, रविवार

लिहायचं नव्हतं, पण संकल्प आहे.

झेंडावंदन करून तडक सणसरला गेलो. एकटा. प्रियाला तिच्या शाळेचं झेंडावंदन होतं, म्हणाली, तुम्ही या जाऊन. गाडी अंगणाच्या बाहेरच लावली. आई पायरीवर बसलेली, त्याच जागी. दादा तिथेच बाजेवर चहा पीत होता. मी बसलो नाही. उभ्यानेच म्हटलं, ‘‘आई, त्या दिवशी गाडी प्रियाने नाही, मी ठोकली.’’

एका दमात. मला स्वतःचा अभिमान वाटला.

आई म्हणाली, ‘‘ठावं हाय.’’

मी म्हटलं, कसं काय? ‘‘कसं काय म्हंजी? हितंच बसले हुते. ती पोरगी हात वर करून थांबा थांबा म्हनती, आन तू आपला येतुयास मागं मागं. डोळ्यांत नवी भिंगं बसवलीस की तूच. लई लख दिसतंय.’’

मग तू प्रियाचं नाव का घेतलंस, असं मी जरा मोठ्याने विचारलं. माझ्या दृष्टीने सगळा घोटाळा त्या प्रश्नामुळे झाला होता. आईने ओच्यातली लसणाची सालं झटकली.

‘‘तुझं तोंड बघितलं म्हनून. ल्हानपनी दूध सांडलं का असंच तोंड व्हायचं तुझं. म्हटलं, इचारून बघावं. तू म्हनशील, न्हाय गं आई, तिनं न्हाय, म्या ठोकली. एवढं शिकवलंय, तर म्हनंल.’’ सालं पायरीखाली लोटून, ‘‘म्हनाला न्हाईस.’’

दादाला विचारलं, तुलाही माहीत होतं? तो म्हणाला, ‘‘आईनं त्याच सांजंला सांगितलं. धम्मदीपला तेवढं न्हाय सांगितलं, त्येच्या तोंडात तीळ भिजत न्हाय. आमी परवा हुरडा घिऊन आलो ते काय हुरडा द्यायला व्हय? म्हटलं, घरात चौघंच हाईत, आता तरी बोलंल.’’ आणि ‘मोठ्या मनाचा’ म्हणालास ते? ‘‘मग काय म्हनू? त्वांडावर शिव्या घालू मास्तरला?’’ आणि हसला. फार वेळ हसला. चहा सांडला त्याचा.

मी आईला म्हटलं, मग प्रियाला तरी तेव्हाच सांगायचं ना, की तुला माहीत आहे. आई म्हणाली, ‘‘तिला काय सांगायचं? ती गाडीच्या मागंच उभी हुती की.’’

परतताना शांतपणे विचार केला. ज्यांना सत्य आधीच माहीत होतं त्यांची फसवणूक होऊ शकत नाही. फसवणूक झाली नाही तर खोटेपणाही नाही. म्हणजे काटेकोर पाहिलं तर चौथं शील शाबूत आहे.

घरी येऊन प्रियाला सांगितलं, सांगून आलो. ती कपड्यांना इस्त्री करत होती. कुणाला? आईला, दादाला. ‘‘त्यांना माहीत होतं.’’ तुला कसं माहीत त्यांना माहीत होतं ते? ‘‘हळद लावताना आईंनीच विचारलं, असाच वागतो का गं घरी.’’

यावर तू काय म्हणालीस, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

तिने इस्त्री उभी केली. ‘‘सावळाराम गुरुजींना सांगितलं? तुमच्या इंद्रजित सरांना? धम्मदीपला?’’ नाही. ‘‘म्हणजे ज्यांना ठाऊक होतं त्यांनाच सांगून आलात.’’ आणि पुन्हा इस्त्री करू लागली. साड्या बऱ्याच होत्या. तेव्हा लक्षात आलं की खाली फरशीवर बॅग उघडी आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

प्रिया पदोन्नती घेतेय. मी मनापासून अभिनंदन केलं.

इंदापुरात मोना मॅडमबरोबर खोली घेतली आहे. त्याही तिकडेच शिक्षिका आहेत. सोमवार ते शनिवार तिकडे. शाळांना फिरायला मोना मॅडमची स्कूटी, पुढे स्वतःची घेणार. म्हटलं, खोलीची काय गरज, गाडी ने ना, रोज ये-जा कर, मी कधी नाही म्हटलं? ती म्हणाली, ‘‘‘नाही’ असं कधीच म्हणाला नाहीत. ‘हो’ असंही म्हणाला नाहीत.’’

मी आठवण करून दिली की गाडी आपली आहे.

म्हणाली, ‘‘राहू दे तुमच्याकडेच. फक्त रिव्हर्स घेताना मागे कुणीतरी उभं करत जा. आणि त्याचं ऐकत जा.’’

३० जानेवारी, गुरुवार

स्टँडवर सोडायला गेलो. गाडीनेच. बाहेर इंद्रजित सर भेटले. बॅगा पाहून म्हणाले, ‘‘मॅडम एसटीने? बरं केलंत. गाडीची भीती बसते एकदा.’’ प्रिया त्यांना नमस्कार करून एसटीत चढली. माझ्याकडे पाहिलं नाही. याचा अर्थ, आता तिची काही अपेक्षा नव्हती. मग मी उगाच तिथे विषय काढणं योग्य झालं नसतं.

एसटी रिव्हर्स घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिट्टी वाजवत होता. ड्रायव्हर ऐकत होता.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्लास्टिक कागद वाऱ्याने सुटला. रात्रभर फडफडत होता म्हणे, शेजाऱ्यांची तक्रार. प्रिया या शनिवारी आली नाही. पहिला आठवडा, कामं असतात.

उद्या विम्याला फोन. धम्मदीपला मध्ये घ्यायचं नाही. सरळ कंपनीला, सरळ सत्य. आता गमावण्यासारखं काही नाही, त्यामुळे निर्णय सोपा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

हेल्पलाइन लागली. मराठीसाठी दोन दाबलं. एका मुलीने घेतला. आवाजावरून तेजश्रीएवढी असावी. पॉलिसी नंबर, गाडी नंबर, घटना कुठे घडली, सगळं व्यवस्थित सांगितलं. मग तिने विचारलं, अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होतं, सर?

मी म्हणालो, ‘‘मी.’’

स्पष्ट म्हणालो. मोठ्याने म्हणालो. घर रिकामं होतं, त्यामुळे घुमलं. वाटलं, ती काही म्हणेल. ती म्हणाली, ओके सर.

मग म्हणाली, घटनेला बरेच दिवस झालेत, कळवायला उशीर का झाला? कारण नोंदवावं लागेल.

मी म्हटलं, मिसेसची बदली झाली, त्या धावपळीत राहून गेलं.

तिकडून टाइप केल्याचा आवाज आला. मिसेसची बदली, असं ती पुटपुटली. सर्व्हेअर फोन करतील म्हणाली, दिवस चांगला जावो म्हणाली, आणि ठेवला.

वाक्य नंतर नीट तपासून पाहिलं. घाईत एक चूक झाली आहे. बदली नव्हे, पदोन्नती म्हणायला हवं होतं.